शेवटचा टप्पा महाग का पडतो आणि सुरुवात दारापासून का करावी

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: ऑनलाइन विक्री चांगली चालली आहे, आतापर्यंत माल कुरिअर कंपनीच्या भरवशावर जात होता, आता स्वतःची डिलिव्हरी टीम उभी करायची आहे. पण हिशेब मांडला तर शेकडो किलोमीटरची वाहतूक स्वस्त आणि शहरातले शेवटचे पाच-सात किलोमीटर महाग दिसतात. असं का होतं? आणि खर्च व तक्रारी कमी करायच्या तर आधी काय करायचं: गाड्या बदलायच्या, रूटिंगचं (कुठल्या क्रमाने कुठे जायचं ते ठरवणारं) सॉफ्टवेअर घ्यायचं, की डिलिव्हरी करणारी मुलं वाढवायची?

मी बरीच वर्षं डिलिव्हरी हबचं, म्हणजे शहरातली पार्सलं जिथून वाटायला निघतात त्या ठिकाणाचं, काम बघतो आहे, त्या अनुभवावरून सांगतो. या तिन्हींचा नंबर नंतर लागतो, आधी दाराकडे बघा. गाडी थांबल्यापासून पार्सल ग्राहकाच्या हातात पडेपर्यंत जी मिनिटं जातात, आणि दारापर्यंत जाऊनही जी पार्सलं परत येतात, त्यांत तुमचा बहुतेक पैसा मुरतो. त्या दाराची माहिती मात्र कुठल्याच सिस्टिममध्ये नीट नोंदलेली नसते. ती डिलिव्हरी करणाऱ्या मुलाच्या डोक्यात असते आणि तो नोकरी सोडून गेला की त्याच्याबरोबर जाते.

आधी खर्चाचं. मोठ्या ट्रकमधून हजारो पार्सलं एकत्र जातात. ड्रायव्हर, डिझेल, टोल सगळं हजारोंत वाटलं जातं. हबवर माल उतरला की प्रत्येक पार्सलची वाट वेगळी होते, आणि तिथून पुढे एका माणसाचा अख्खा दिवस शे-सव्वाशे पार्सलांतच वाटायचा असतो. कॅपजेमिनी या सल्लागार कंपनीच्या २०१९ च्या पाहणीत पुरवठा साखळीच्या एकूण खर्चापैकी ४१ टक्के खर्च या शेवटच्या टप्प्याचा निघाला होता. धंद्यानुसार आकडा खालीवर होईल, पण एवढा मोठा घास दुसरा कुठलाच टप्पा घेत नाही.

आता एका माणसाचा दिवस मांडून बघा. जेवणाची सुट्टी सोडून आठ तास, म्हणजे ४८० मिनिटं. त्यातला तासभर हबवर पार्सलं स्कॅन करून, लावून, भरण्यात जातो. हबपासून पहिल्या स्टॉपपर्यंत आणि शेवटच्या स्टॉपपासून परत, असा आणखी एक तास धरा. उरली ३६० मिनिटं. एका स्टॉपला सरासरी पाच मिनिटं लागली तर ७२ पार्सलं होतात, चार लागली तर ९०, तीन लागली तर १२०. गाडी तीच, माणूस तोच, पगार तोच. एका मिनिटाने एवढा फरक पडतो, म्हणून ते मिनिट जातं कुठे हे बघायला एक दिवस मुलाबरोबर स्वतः फिरा. कागदावर ते कधीच दिसणार नाही.

काय दिसेल ते सांगतो. उंच इमारत, नववा मजला. मुलगा गाडी लावायला जागा शोधतो, ती गेटपासून शंभर पावलांवर मिळते. डब्यातून पार्सल काढायला चार पार्सलं बाजूला करावी लागतात, कारण सकाळी माल घाईत भरलेला असतो. गेटवर नाव, वेळ, फ्लॅट नंबर लिहायचा. रखवालदार वर फोन लावतो, तो उचलला जात नाही. लिफ्ट वरच्या मजल्यावर अडकलेली. वर पोचल्यावर बेल वाजवतो, आतून "आले, आले" ऐकू येतं. दार उघडल्यावर ओटीपी विचारतो. ज्यांच्या नावाने ऑर्डर आहे ते ऑफिसात, ओटीपी त्यांच्या फोनवर. मग त्यांना फोन. ओटीपी मिळाला तर मुलाच्या फोनला त्या मजल्यावर रेंज नाही, म्हणून एंट्री करायला जिन्यात यावं लागतं. या एका पार्सलला नऊ-दहा मिनिटं गेली, आणि त्यात गाडी एक फूटही हलली नाही.

लंडनच्या मध्यभागातल्या पार्सल व्हॅनचा संशोधकांनी अभ्यास केला तेव्हाही हेच दिसलं. फेरीच्या एकूण वेळेपैकी साधारण ६० टक्के वेळ व्हॅन रस्त्याच्या कडेला उभी होती, आणि ड्रायव्हर एका फेरीत सरासरी आठेक किलोमीटर पायी चालत होता. सिॲटलमधल्या वॉशिंग्टन विद्यापीठाची अर्बन फ्रेट लॅब तर या टप्प्याला 'शेवटचे ५० फूट' म्हणते. त्यांनी तिथल्या म्युनिसिपल टॉवरमध्ये तळाशी सामाईक पार्सल लॉकर ठेवून पाहिला, तेव्हा डिलिव्हरी करणाऱ्यांचा इमारतीतला वेळ ७८ टक्क्यांनी घटला. रस्ता, गाडी, माणूस काहीच बदललं नव्हतं, फक्त वर जायचं टळलं.

दुसरं भोक म्हणजे न झालेली डिलिव्हरी. दहातली नऊ पार्सलं पहिल्या फेरीत गेली तर एका यशस्वी डिलिव्हरीमागे सरासरी १.११ फेऱ्या पडतात. दहातली सातच गेली तर हाच आकडा १.४३ होतो. म्हणजे तेवढ्याच विक्रीसाठी जवळजवळ तीस टक्के जास्त दारं हिंडायची. त्यावर हबची जागा अडते, ग्राहकाला फोन करायला माणूस लागतो, आणि शेवटी माल परत गेला तर येण्याजाण्याचं दोन्हीकडचं भाडं अंगावर पडतं. कॅश ऑन डिलिव्हरीत (सीओडी) हे प्रमाण वाढतं, कारण पैसे न दिलेल्या ग्राहकाला दारात "नको" म्हणायला काहीच किंमत मोजावी लागत नाही. सीओडी बंद करा असं मी म्हणणार नाही, पुष्कळ ग्राहकांचा नव्या दुकानावरचा विश्वास तिथूनच सुरू होतो. पण सीओडी ऑर्डर पॅक करण्याआधी एक कन्फर्मेशन घ्या. फोन नको असेल तर मेसेज, पण उत्तर येईपर्यंत माल हलवू नका.

जपानने हा प्रश्न देशपातळीवर हाती घेतला आहे. तिथे एप्रिल २०२४ पासून ट्रकचालकांच्या ओव्हरटाइमवर वर्षाला ९६० तासांची मर्यादा आली. माणसं आधीच कमी, त्यात तास कमी झाले, तेव्हा सरकारने पुन्हा कराव्या लागणाऱ्या डिलिव्हरीचं प्रमाण १२ टक्क्यांवरून ६ टक्क्यांवर आणायचं लक्ष्य ठेवलं. घरी कुणी नसेल तर पार्सल दाराशी ठेवणं, लॉकर, दुकानातून उचलणं, हे सगळे मार्ग त्यासाठी पुढे केले गेले. जर्मनीत डीएचएल या पार्सल कंपनीने पॅकस्टेशन नावाचे लॉकर २००१ मध्येच सुरू केले होते, पोलंडमध्ये इनपोस्टचे २००९ पासून आहेत. लॉकरचा हिशेब साधा आहे: एका थांब्यावर तीस-चाळीस पार्सलं, आणि "घरी कुणी नाही" हा प्रकारच नाही. मात्र लॉकर चालत जाण्याच्या अंतरावर हवा. ग्राहक तिथे गाडी काढून जाणार असेल तर आपला फेरा आपण त्याच्या गळ्यात घातला, एवढंच. म्हातारी माणसं, जड खोकी, औषधं यांना दारापर्यंतच जावं लागतं, तिथे काटकसर करू नये.

आता पत्त्याबद्दल, कारण इथेच मला सगळ्यात जास्त बोलायचं आहे.

ग्राहक लिहितो तो पत्ता आणि नकाशावरचा पिन या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. सॉफ्टवेअर लिहिलेल्या पत्त्यावरून एक बिंदू काढतं. घर नेमकं सापडलं तर बहुतेक वेळा तो बिंदू इमारतीच्या मधोमध पडतो, नाही सापडलं तर रस्त्याच्या मधोमध, आणि तेही नाही जमलं तर अख्ख्या वस्तीच्या मधोमध. नेव्हिगेशन त्या बिंदूला सगळ्यात जवळच्या रस्त्यावर नेऊन सोडतं. तो रस्ता इमारतीच्या मागचा असेल तर मुलगा भिंतीशी उभा, पिन बरोबर दहा मीटरवर, आणि गेट पलीकडच्या गल्लीत, अर्धा किलोमीटर वळसा घालून. त्यात उंच इमारतींच्या दाटीत उपग्रहाचे सिग्नल भिंतींवर आपटून येतात, त्यामुळे जीपीएस कित्येक मीटर इकडेतिकडे दाखवतं. ग्राहकाला विचारलं तर तो म्हणतो, "लोकेशन तर टाकलंय ना!" त्याचंही बरोबर असतं. त्याने टाकलेलं लोकेशन ऑर्डर करताना तो जिथे बसला होता तिथलं असतं, आणि तो बसला होता ऑफिसात.

जुना मुलगा या सगळ्यावर मात करतो. त्याला माहीत असतं की या सोसायटीत मागच्या गेटने शिरायचं, त्या दुकानासमोर गाडी लावली तर कुणी हटकत नाही, अमुक घराची बेल बंद आहे म्हणून कडी वाजवायची, तमुक ठिकाणी दुपारी दोननंतरच माणूस भेटतो. असा मुलगा सोडून गेला की त्याच भागात नव्या मुलाची पार्सलं काही आठवडे निम्म्यावर येतात, आणि आपण म्हणतो की नवा मुलगा आळशी आहे. तो आळशी नसतो. जुन्याने दोन वर्षांत जमवलेलं ज्ञान त्याला आपण दिलेलंच नसतं.

म्हणून पहिल्या दिवसापासून प्रत्येक पत्त्यापुढे चार गोष्टी नोंदवायची सोय करा: गेटचा पिन, गाडी लावायची जागा, गेटपासून दारापर्यंतची वाट आणि माणूस भेटण्याची वेळ. यातल्या पहिल्या दोन तर ॲप स्वतःच उचलू शकतं. गाडी जिथे थांबली ती जागा आणि डिलिव्हरीची एंट्री जिथे झाली ती जागा आपोआप साठवा. एका नोंदीवर विसंबू नका, इमारतीच्या आत जीपीएस भरकटतं. त्याच पत्त्यावरच्या पाच-सहा डिलिव्हरींचे बिंदू जमले की त्यांचा मध्य घ्या, आणि पुढच्या वेळी मुलाला तोच दाखवा. उरलेल्या दोन गोष्टी मुलांनी बोलून सांगायच्या, टाइप करायला लावलंत तर कुणी भरणार नाही. एक मात्र कडकपणे पाळा: नोंद जागेची हवी, माणसाची नको. "घरी बाई एकट्या असतात" असलं काही सिस्टिममध्ये कधीही लिहू देऊ नका. लोक त्यांच्या दाराचा पत्ता आपल्याला विश्वासाने देतात.

सॉफ्टवेअरचं आता बोलू. रूट काढणं हे खरोखर अवघड गणित आहे. दहा स्टॉप असतील तर ते कुठल्या क्रमाने घ्यायचे याच्या ३६,२८,८०० शक्यता होतात, आणि वीस स्टॉपांना हा आकडा १९ अंकी होतो. १९५९ मध्ये डँट्झिग आणि रॅमसर यांनी ट्रक कुठे कसे पाठवायचे यावर निबंध लिहिला, तेव्हापासून गणितज्ञ यामागे लागले आहेत. त्याचा फायदाही मोठा आहे. यूपीएस या अमेरिकी पार्सल कंपनीच्या ओरायन या रूट काढणाऱ्या प्रणालीमुळे वर्षाला सुमारे १० कोटी मैल वाचतात असं कंपनी सांगते. समोरून येणारी वाहतूक छेदून वळायचं शक्यतो टाळायचं, हा त्यांचा नियम आता सगळीकडे माहीत झाला आहे.

पण २०२१ मध्ये ॲमेझॉन आणि एमआयटीने मिळून घेतलेली स्पर्धा मला जास्त बोलकी वाटते. त्यांनी स्पर्धकांना हजारो प्रत्यक्ष फेऱ्यांची माहिती दिली आणि सांगितलं, सर्वांत कमी अंतराचा रूट काढू नका, अनुभवी ड्रायव्हर ज्या क्रमाने जाईल तो क्रम ओळखा. कारण ड्रायव्हर कॉम्प्युटरने दिलेला क्रम मोडत होते, आणि त्यामागे काहीतरी शहाणपण होतं. कुक, हेल्ड आणि हेल्सगॉन या जिंकलेल्या तिघांनी ड्रायव्हरांच्या जुन्या फेऱ्यांतून त्यांच्या सवयी शोधल्या, जसं की एक झोन पुरता संपवूनच पुढच्यात जायचं, आणि त्या सवयी नियम म्हणून गणितात घातल्या. तुमच्यासाठी याचा अर्थ असा: सॉफ्टवेअर जरूर घ्या, पण मुलाने क्रम बदलला की ॲपवर लाल खूण आणि पगारात कपात, असली व्यवस्था करू नका. त्याने का बदलला ते विचारा. पुष्कळदा उत्तर असं मिळेल की ती शाळा सुटायची वेळ होती, तिथे अर्धा तास गाडी निघत नाही.

गाडीत माल भरण्याबद्दल दोनच गोष्टी: शेवटी द्यायचं पार्सल आधी आत गेलं पाहिजे, आणि प्रत्येक खोक्यावर दुरून दिसेल असा मार्करने स्टॉप नंबर हवा. सकाळी यात गेलेली दहा मिनिटं दिवसभरात तिपटीने परत मिळतात.

ऑर्डरची दाटी ही यातली सगळ्यात मोठी ताकद आहे आणि ती पैशाने लगेच विकत मिळत नाही. १९५९ मध्येच बिअर्डवूड, हॉल्टन आणि हॅमर्स्ली या गणितज्ञांनी दाखवून दिलं की ठरावीक क्षेत्रात ठिकाणं वाढत गेली तर सगळी फिरून यायचं अंतर ठिकाणांच्या संख्येच्या वर्गमुळाच्या प्रमाणात वाढतं. व्यवहारात बोलायचं तर त्याच भागात ऑर्डर चौपट झाल्या तर एकूण अंतर दुप्पटच होतं, म्हणजे दर पार्सलामागचं अंतर निम्म्यावर येतं. आणि उलटंही खरं. शहरभर विखुरलेल्या पन्नास ऑर्डर स्वतः पोचवणं हा तोट्याचा धंदा आहे, मग मुलं कितीही गुणी असोत.

हीच दाटी आपण वेगाच्या आश्वासनाने स्वतःच्या हाताने मोडतो. दिवसभरात कधीही पोचवायचं असेल तर एका भागात एकदाच शिरायचं असतं. दोन-दोन तासांचे स्लॉट दिले की त्याच भागात तीन-चारदा जावं लागतं, प्रत्येक वेळी थोडीथोडी पार्सलं घेऊन. अमेरिकेतल्या वेबव्हॅन कंपनीने किराणा अर्ध्या तासाच्या स्लॉटमध्ये घरपोच द्यायचं ठरवलं, त्यासाठी प्रचंड गोदामं बांधली, आणि त्या क्षमतेला पुरतील एवढ्या ऑर्डर येण्याआधीच २००१ मध्ये दिवाळखोरीत निघाली. मधला मार्ग आहे. ग्राहकाला स्लॉट निवडू द्या, पण त्याच्या भागात ज्या वेळी तुमची गाडी तशीही जाणार आहे तो स्लॉट सगळ्यात वर दाखवा. बहुतेकांना 'आजच' पेक्षा 'सांगितलेल्या वेळी' जास्त हवं असतं. सकाळी "आज ११ ते १ च्या दरम्यान येतो" असा मेसेज गेला आणि ग्राहकाला त्यावर "आज नको, उद्या" म्हणता आलं, की न झालेल्या डिलिव्हरी लक्षात येण्याइतक्या कमी होतात.

तुम्ही तक्रारींबद्दलही विचारलं आहे. ग्राहकाचा सगळ्यात जास्त संताप एकाच गोष्टीवर असतो: मी दिवसभर घरी होतो, फोन वाजला नाही, आणि ॲपवर आलं "ग्राहक उपलब्ध नाही". हा खोटा रिमार्क असतो, आणि तो मुलगा वाईट आहे म्हणून पडत नाही. शंभर पार्सलं हातात दिली, सकाळचा ट्रक तासभर उशिरा आला म्हणून तो हबवरून उशिरा निघाला, संध्याकाळी वीस उरली, आणि "वेळ संपली, जमलं नाही" असं खरं कारण लिहायला ॲपमध्ये बटणच नाही. लिहिलं तरी दंड. मग तो जे बटण आहे ते दाबतो. तेव्हा "वेळ अपुरा पडला" हा पर्याय आधी द्या, त्याला दंड लावू नका, आणि तो आकडा रोज बघा. मुलावर किती जास्त माल लादला जातोय हे त्याइतकं खरं दुसरं काही सांगत नाही. त्याच्या जोडीला "ग्राहक उपलब्ध नाही" हे बटण दारापासून ठरावीक अंतराच्या आत असल्याशिवाय आणि ॲपमधून एक कॉल गेल्याशिवाय चालूच होणार नाही असं करा. दोन्ही एकदम करा. नुसतं दुसरं केलंत तर मुलं सोडून जातील.

नुसत्या पार्सलमागे पैसे ठेवले तर घाई होते, नुसता पगार ठेवला तर संथपणा येतो, म्हणून मी पुरेशा पगारावर थोडा पार्सलचा हिस्सा या बाजूचा आहे. इंधन आणि गाडीची झीज त्यातून वेगळी काढा, नाहीतर महिन्याशेवटी त्याच्या हातात काय राहतं ते तुम्हालाही कळणार नाही आणि त्यालाही. शक्यतो प्रत्येकाला कायमचा भाग द्या, आणि रोजची कमीजास्त संख्या भागांच्या सीमेवरच्या गल्ल्या इकडेतिकडे करून जुळवा. सेलच्या दिवसांत नवी मुलं घ्यावीच लागतात, त्यांना मोठ्या इमारती आणि लॉकर द्या. चक्रावून टाकणाऱ्या गल्ल्या जुन्यांकडेच राहू द्या.

परत घ्यायच्या मालाचा वेळ वेगळा धरा. दारात उभं राहून वस्तू तपासणं, फोटो काढणं, पॅक करणं याला साध्या डिलिव्हरीच्या दुप्पट-तिप्पट वेळ लागतो, आणि प्लॅनिंग करताना बहुतेक लोक त्याला एकच स्टॉप मोजतात.

ड्रोनने हे काम होईल का, असंही तुम्ही विचारलं होतं. झिपलाइन कंपनी रवांडात २०१६ पासून ड्रोनने दवाखान्यांना रक्त पोचवते आणि ते काम खरोखर मोलाचं आहे. पण तिथे उतरवायची जागा ठरलेली असते आणि घेणारा वाट बघत असतो. नवव्या मजल्यावरच्या बंद दाराला त्याचं उत्तर नाही. गाडी बदलायचीच असेल तर दाट वस्तीत व्हॅनऐवजी दुचाकी किंवा कार्गो सायकल वापरून बघा. पार्किंग शोधायचा वेळ तिथेच वाचतो.

सुरुवात कुठून करायची, तर मागच्या सहा महिन्यांच्या ऑर्डर नकाशावर टाका आणि जिथे सगळ्यात दाटी आहे असा एकच भाग निवडा. तिथे दोन कायमची मुलं ठेवा, आणि महिनाभर तीनच आकडे बघा: एका स्टॉपला लागणारी मिनिटं, पहिल्या फेरीत गेलेली पार्सलं, आणि न गेलेल्यांची खरी कारणं. त्या कारणांवर काम झालं की दुसरा भाग घ्या. विखुरलेल्या भागांतली पार्सलं तोवर कुरिअरकडेच राहू द्या, आणि तिथल्या रोजच्या ऑर्डर एका माणसाची फेरी भरण्याइतक्या झाल्या की मगच आपला माणूस पाठवा.